फोटोतली कुठंय?

आमच्या घरात माझ्याबद्दल एक तक्रार कायमची आहे. चालू असलेली वस्तू ही बाई उघडून बघते. मिक्सर चालतोय तर चालू दे ना, पण नाही, मला त्याच्या पोटात काय आहे ते बघायचंच असतं. नवरा म्हणतो, "तुला एकदा करंट लागल्याबिगर अक्कल यायची न्हाई." लागलाय की करंट. अक्कल काही आली नाही.

वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराच्या, रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मागं घर. नवरा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग बघतो. फोटो काढणं आणि कॉम्प्युटरवर बसून ते नीट करणं माझ्याकडं. माझं माहेर कुरुंद्याचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा कॅमेरा कुठून धरायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्या उघडून बघायच्या खोडीनंच शिकले, तेव्हा तक्रार करणाऱ्यांनी जरा जपून करावी.

घरात आणखी दोघीजणी. एक सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. दुसरी माझी धाकटी नणंद. ती क्लासवर नववी-दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवते. चारचौघांत मी तिला 'ताई, तुम्ही' म्हणते आणि दोघीच असलो की 'अगं'. ती रंगानं सावळी आहे. बायोडाटात 'गव्हाळ' लिहून खपवता येईल इतपत सावळी नाही, चांगली सावळी आहे. डोळे मोठे, नाक तरतरीत, आणि जीभ विचारू नका. मला ती पहिल्या दिवसापासून आवडते, कारण मी काही उघडून बसले की ती शेजारी येऊन बसते आणि विचारते, "आत काय निघालं?"

जे सांगायचंय ते तिच्या फोटोचं.

एका संक्रांतीनंतर आखाडा बाळापूरकडची माणसं तिला बघायला आली होती. त्यांना जो फोटो पाठवला होता तो तिच्या मामेभावानं त्याच्या मोबाईलवर काढलेला. आमच्याकडं लग्नसराई होती, मी दिवसभर बाहेर, आणि आत्याबाईंना घाई. आता त्या मोबाईलला कुणी न सांगता माणसाला गोरं करायची सवय. नाक बारीक, गाल गुळगुळीत, कपाळावरचा कांजिण्यांचा व्रण गायब. आत्याबाईंनी तो फोटो बघून कानशिलावर बोटं मोडली होती, इतकी त्यांना लेक त्यात देखणी दिसली.

नणंद पोह्यांचा ट्रे घेऊन बैठकीत आली. मुलाच्या मावशीनं पर्समधून मोबाईल काढला. फोटो बघितला, हिच्याकडं बघितलं, परत फोटो बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "फोटोतली कुठंय? ती मोठी बहीण व्हय का?"

नणंदेनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "मीच ती." मावशी म्हणाली, "असं व्हय," आणि पोह्यांची प्लेट उचलून खायला लागली. त्या एका 'असं व्हय'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. त्याआधीही एक ठिकाण असंच फिरलं होतं, पण त्यांनी तोंडावर तरी काही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी नणंद दुकानात आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. म्हणाली, "वहिनी, मला माझा फोटो पाहिजे. माझा. तो बघून घरात आलेलं माणूस मला बघून दचकलं न्हाई पाहिजे. तसा फोटो होत असंल तर सांग. न्हाई तर मी परत कोणाम्होरं ट्रे घेऊन जाणार न्हाई, आईला सांगून टाक."

मी म्हटलं, "त्यात काय, काढू की!" मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. कप्पाळ माझं.

मागच्या अंगणात तिला उभं केलं आणि चांगले फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर बघितलं तर ही बाई अर्धी उजळलेली. मी काही केलं नव्हतं. कॅमेरा आपल्या मनानं करत होता. म्हणजे मोबाईल तसा आणि आपला एवढा मोठा कॅमेराही तसाच! माझं डोकंच फिरलं, आणि सोबत उत्सुकताही चाळवली, कारण आता उघडून बघायला काहीतरी मिळालं होतं.

तोवर आम्ही सगळं काम कॅमेऱ्यानं तयार करून दिलेल्या फोटोवरच करायचो. गिऱ्हाईक म्हणणार 'जरा उजळ करा', की आम्ही करणार. पण कॅमेऱ्यात 'रॉ' नावाची एक सोय असते, ती आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं, कारण फाईल भली मोठी होते आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला धाप लागते. मी ती सुरू करून नणंदेचे फोटो परत काढले. तयार फोटो म्हणजे शिजवून, वाळवून, पॉलिश मारून मोंढ्यात आणलेली हळद, आणि रॉ म्हणजे शेतातून उपटलेला ओला कंद, मातीसकट. त्यात कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पडलेला उजेड तेवढा नोंदलेला असतो. रंग कसा दाखवायचा, किती उजळ, किती गडद, हे नंतर सॉफ्टवेअरनं ठरवायचं. म्हणजे ठरवायचं काम कुणीतरी आपल्यासाठी बाकी ठेवलेलं असतं, हे मला फार आवडलं.

आता सॉफ्टवेअर कोणतं? नांदेडच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरनं पेन ड्राईव्हवर एक चोरीचं दिलं होतं, ते एक दिवस बंद पडलं आणि वर मलाच धमकीचा संदेश दाखवायला लागलं. तेच मग महिन्याच्या भाड्यानं घेतलं, थोडे दिवस फुकट चालवून बघायची मुभा होती म्हणून. हे पहिलं. दुसरं कॅमेऱ्याच्या कंपनीचं, कॅमेऱ्यासोबत फुकट आलेलं, आम्ही कधी खोक्यातून काढलंच नव्हतं. तिसरं इंटरनेटवरचं, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं आणि कुणालाही फुकट वापरू देतात असं. ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी घाबरलेच. इतकी बटणं, इतक्या पट्ट्या, की नवरा म्हणाला, "हे चालवायला पायलटचं लायसन लागंल."

एका दुपारी नणंदेला शेजारी बसवलं आणि तिची एकच फाईल तिन्हींत उघडली. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती गुलाबी झाली, गालाला लाली, एखादी नटी मेकअप करून आल्यासारखी. कंपनीच्यात गोरी, हुबेहूब कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची. आणि फुकटच्यात मेंगळट, हिरवट, आठवडाभर ताप येऊन उठलेली. फाईल तीच! एक ठिपका इकडचा तिकडं झालेला नव्हता. मी तर खुर्चीवरून उठून उभी राहिले. "अगं बाई, तिघी निघाल्या की तुम्ही!"

नणंद हसली, मग स्क्रीनकडं बोट करून म्हणाली, "यातली मी कोणती?"

"एकही न्हाई," मी म्हटलं. आणि हे म्हणताना मला भारी आनंद होत होता, हे आता सांगायला काय हरकत आहे. तिला तो आनंद दिसला असावा. ती म्हणाली, "तुला मजा येऊन राहिली. मला न्हाई येत."

तिचं खरं होतं. माझा खेळ चालला होता आणि तिचा जीव टांगणीला होता. मी खाली बसले आणि म्हटलं, बरं, नीट बघू. पहिली दोन्ही सॉफ्टवेअरं काय करत होती ते मला कळत नव्हतं. फाईल उघडायच्या आधीच त्यांनी काहीतरी करून ठेवलेलं असायचं आणि ते काढून टाकायचं म्हटलं तर सगळं काही निघायचं नाही. तिसऱ्यात मात्र जे काही घडतंय त्याची एक-एक पायरी समोर मांडलेली, आणि प्रत्येक पायरीला बंद करायचं बटण. नणंदेनं स्वतः बोट दाखवलं. "हे घे. हे तापवालं. यात निदान लपवलेलं काही न्हाई." असं आमचं सॉफ्टवेअर ठरलं, तिथल्या सगळ्यात आजारी फोटोवरून.

त्या सॉफ्टवेअरात एक थेंब टाकायची नळी असते, ड्रॉपर. फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर ती टेकवायची. मग सॉफ्टवेअर म्हणतं, अच्छा, हे पांढरं आहे का, मग त्या हिशेबानं बाकीचे रंग लावतो. किती सोपं! फोटोत नणंदेच्या खांद्यावर पांढरी ओढणी होती. टेकवली नळी. आणि माझी नणंद जांभळी झाली. ओठ निळसर, गाल राखेसारखे.

"अरे देवा," ती म्हणाली, "आता तर मेलेच मी."

परत टेकवली. दुसऱ्या ठिकाणी टेकवली. दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. जांभळी ती जांभळीच. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, ते बनवणाऱ्या सगळ्या जगाला शिव्या घातल्या. नवरा आला, बघून म्हणाला, "फुकटचं ते फुकटचंच," आणि गेला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसांत मी जेवताना पण त्याच विचारात असायची. पांढऱ्याला पांढरं सांगितलं तर चुकतंय कुठं?

उत्तर मिळालं ते छतावर कपडे काढायला गेले तेव्हा. ते हळदीचे दिवस होते. रस्त्याच्या पलीकडं हळद पॉलिश करायचे ढोल दिवसभर फिरत असतात आणि त्यातून जो भुगा उडतो तो सगळ्या गल्लीवर बसतो. खिडकीच्या गजांवर, तुळशीवर, उभ्या मोटारसायकलीच्या सीटवर. आम्ही ते बघत नाही. लहानपणापासून बघत आलोय, म्हणून आता बघतच नाही. मी नणंदेची ओढणी दोरीवरून काढली, नाकाजवळ नेली, आणि मला हळदीचा वास आला.

धावतच खाली आले. "अगं, ही पांढरी न्हाई! पिवळी हाय!" ओढणी पिवळसर, आणि मी सॉफ्टवेअरला सांगत होते की हे पांढरं आहे. मग ते बिचारं काय करणार, त्यानं पिवळं मारायला निळं ओतलं, आणि ते नणंदेच्या चेहऱ्यावरही ओतलं. चूक त्याची नव्हती, आमच्या गावाची होती. मग काय, घरातलं पांढरं ते सगळं मी तपासायला काढलं. नवऱ्याचा लग्नाचा सदरा, उशांचे अभ्रे, आत्याबाईंच्या देवघरातलं आसन. सगळं थोडंथोडं पिवळं.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय चाललंय ग?"

"आत्याबाई, आपल्या घरात एक बी पांढरी वस्तू न्हाई!"

"म्हंजी? आमच्या घरचे कपडे मळके म्हणून राहिली का तू? चाळीस वर्सं मी या घरचे कपडे धुतले!" झालं. हळदीचा भुगा राहिला बाजूला आणि मी त्यांच्या धुण्याला नावं ठेवली असं ठरलं. त्या दिवशी माझ्या ताटात भाजी कमी आली. नणंद टेबलाखालून मला पाय मारून हसत होती.

आता खरं पांढरं शोधायला लागले. मीठ घेतलं तर दाण्यांची सावली पडते. राख घेतली तर लाकडागणिक वेगळी. छपाईचा कागद पांढराशुभ्र दिसतो, पण त्यात निळसर झाक घातलेली असते, त्यानं नणंद नारिंगी झाली. एवढा कापूस मोंढ्यात येतो, तोसुद्धा बघितला, त्याला दुधाची साय आल्यासारखा रंग. गेली कित्येक वर्षं पांढरं पांढरं म्हणत होते ते काय बघून, असं वाटायला लागलं. शेवटी इंटरनेटवर कुठल्यातरी परदेशी गड्यानं सांगितलेलं सापडलं, की नळाच्या आट्यांना गुंडाळायची जी पांढरी टेप असते ना, प्लंबरची, तिच्यात कुठल्याच रंगाची झाक नसते. आणि ती डबीत बंद असते, म्हणजे हळद लागायचा प्रश्न नाही!

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथले चाचा आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. "चाचा, नळाची टेप द्या. चांगली जाड बघून द्या."

"कौनसा नळ गळ रहा?"

"नळाला न्हाई हो, नणंदेला पाहिजे."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ननद कू टेप? झगडा हुआ क्या?"

मी तिथंच पोट धरून हसले. नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आईला सांगू नको, तुझ्या तोंडासाठी दुसरी डबी आणायला लावंल."

टेपच्या घड्या घालून एक पट्टी केली आणि नणंदेच्या मनगटाला राखीसारखी बांधली. अंगणात उभं करून फोटो काढला, नळी त्या पट्टीवर टेकवली. आणि ती आली. काय सांगू! गुलाबी नाही, गोरी नाही, जांभळी नाही. कपाळावरचा व्रण, ओठांच्या कडेची गडद रेघ, गालावर सावळ्या रंगात जो एक तांबूस उजेड असतो तो. नणंद स्क्रीनच्या जवळ गेली. मग तिनं मनगट फोटोशेजारी धरलं.

"सकाळच्या उन्हात अशीच दिसते मी," ती म्हणाली. "पण पाहुणे सकाळी येतेत का?"

मास्तरीणच ती. चार वाजता येतात पाहुणे. आणि बसतात बैठकीत, जिथं भिंतीला पिस्ता रंग आहे आणि डोक्यावर ट्यूबलाईट. तिथं तोच माणूस वेगळा दिसतो. मी परत डोक्याला हात लावला. पहिल्यांदा वाटलं होतं की माणसाचा एक खरा रंग असेल, कुठंतरी फाईलच्या तळाशी, आणि सगळं पुसत गेलं की तो सापडेल. तसा तो नव्हताच. उन्हातली नणंद खरी आणि बैठकीतलीही खरी. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला समदं खरं नको वहिनी. दारातून आत येईन तेव्हाचं खरं पाहिजे."

म्हणून फोटो तिथंच काढला. चार वाजता, बैठकीच्या दारात, हातात रिकामा ट्रे, मनगटाला टेप. ती टेप नंतर फोटोतून कापून टाकली. बाकी कशालाही हात लावला नाही.

आत्याबाईंनी तो बघितला आणि खाली बसल्या. "सोन्या," त्या मला म्हणाल्या, आणि त्या सोन्या म्हणतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं, "जरा उजळ कर ग. जास्त न्हाई. एक बोटभर." उजळ करायची पट्टी समोरच होती. बोटभर नाही, नखभर सरकवली असती तरी चाललं असतं, कुणाला कळलंही नसतं. माझा हात माऊसवर होता. आणि नणंद मागं उभी होती. मी म्हटलं, "आत्याबाई, न्हाई करत."

"मंग कोण येईल या फोटोवर? सांग ना, कोण येईल?"

फोटो नातेवाइकांत गेला, सोयरीक जुळवणाऱ्यांकडं गेला. आणि त्यानंतर शांतता. पूर्वीच्या फोटोवर निदान फोन यायचे. आता एकही नाही. हळदीचा हंगाम संपला, ढोल बंद झाले, आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. एकदा भांडी घासताना म्हणाल्या, "तुज्या शास्त्रापायी पोरगी घरात बसली." मी त्यांना उलटून बोलणारी आहे, पण त्या दिवशी बोलले नाही. कारण मलाही तीच भीती होती. मी एक कोडं सोडवलं आणि त्याची किंमत दुसरंच माणूस भरत होतं, असं मनात यायचं. नणंद मात्र रोज क्लासवर जायची, यायची. एकदा मीच विचारलं, "बदलू का फोटो?" तर ती उखडली. "काहून बदलायचा? मी बदलले का?"

मग औंढ्याकडून एक फोन आला. मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप, थोडी शेती. त्यांनी मुलाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवला. मागं बागेचा पडदा, मुलगा लोण्यासारखा. त्या फोटोवर काय काय केलंय ते मला एका नजरेत कळलं. मला वाटलं आता मी गप्प बसलेलं बरं.

मुलगा, त्याची आई आणि एक चुलते आले. मुलगा बैठकीत आला आणि मी स्वयंपाकघराच्या पडद्याच्या फटीतून बघितलं. उन्हात काम करणाऱ्या माणसाचा रंग, रापलेला, हातांना न निघणारं ग्रीस. नणंद ट्रे घेऊन आत गेली. मी पडद्यामागं. मुलाच्या आईनं पिशवीतून मोबाईल काढला. तिनं फोटो बघितला, नणंदेकडं बघितलं, परत फोटो बघितला. मग मोबाईल पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "हाय. तशीच हाय. बस ग बाई, उभी काहून?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण नणंद बसली नाही. तिनं टीपॉयवरचा माझ्या नवऱ्याचा मोबाईल उचलला, त्यात मुलाचा आलेला फोटो उघडला, फोटोकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "फोटोतले कुठंयत?"

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, झालं, गेलं हे पण ठिकाण.

मुलगा कानापर्यंत लाजला. "मीच हाव," तो म्हणाला. "पण तसा न्हाई."

त्याची आई मधेच बोलली. "त्याला काय विचारता, म्या केलं ते. स्टुडिओवाल्याला म्याच सांगितलं, पोराला गोरा कर. त्यो नको म्हणत व्हता. म्हणलं, असा काळाबेंद्रा फोटो पाठवला तर कोण देईल पोरगी?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचा पदर तोंडावरून खाली आला होता. त्या उठल्या, त्या बाईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माजं बी तेच की ओ. माजं बी तेच." आणि दोघी आया रडायला लागल्या, पोहे तसेच राहिले. मी पडद्यामागंच डोळे पुसले.

मुलगा नणंदेकडं बघत होता. "तुमचा फोटो आला तवाच मला माज्या फोटोची लाज वाटली," तो म्हणाला. "पण आईनं तवर धाडला व्हता. म्हणलं, जाऊन तोंड दाखवावं, मंग जे व्हईल ते."

नणंदेनं मला हाक मारली. "वहिनी, टेप कुठंय?"

त्याच्या रापलेल्या मनगटाला मी टेप बांधली, आणि त्याला त्याच दारात उभं केलं. चुलते म्हणाले, हे काय औषध हाय का? पाहुणे चहा घेत होते तोवर मी दुकानात जाऊन फाईल उघडली, नळी टेकवली, आणि तो आला, जसा दारात होता तसा. मागं आत्याबाई आणि नणंद दोघी येऊन उभ्या राहिल्या. आत्याबाईंचे डोळे अजून ओले होते, पण स्क्रीन बघितली आणि सवय ती सवय. "पोराला जरा उजळ कर ग," त्या म्हणाल्या. "बोटभर."

नणंदेनं माऊसवरचा माझा हात बाजूला केला.

"असू दे आई. तो फोटो मला कोणाला दाखवायचा न्हाई. मला बघायचा हाय."

मी फाईल तशीच सेव्ह केली.